‘हा आकडा कुणी मोजला?’

‘मॅडम, मी परळच्या एका कॉलेजात बीएमएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला ‘दादर-परळमधील पोळी-भाजी केंद्रांचं अर्थकारण’ असा विषय हौसेने घेतला, कारण माझी आईच असं केंद्र चालवते. पण गूगलवर काही मिळत नाही. एका साइटवर अहवाल आहे, पण त्याची किंमत लाखांत. एआयने ज्या अहवालाचा हवाला दिला तो कुठेच सापडत नाही. ‘स्रोत : इंटरनेट’ चालणार नाही म्हणून गाईड सरांनी पहिलं प्रकरण परत केलं. विषय बदलू का? शिवाय ही शोधाशोध मला आवडायला लागली आहे. यात करिअर होतं का? आई म्हणते, बँकेच्या परीक्षा दे.’

विषय बदलू नकोस. तुझ्या वर्गात निम्म्या मुलांनी ‘ऑनलाइन खरेदीकडे ग्राहकांचा कल’ घेतला असेल. त्या ढिगात तुझा प्रोजेक्ट उठून दिसेल. आणि सरांनी प्रकरण परत केलं हे बरंच केलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका सल्लागार कंपनीत वर्तमानपत्रातला आकडा उचलून तक्त्यात टाकला होता. बैठकीत ग्राहकाने शांतपणे विचारलं, ‘हा आकडा कुणी मोजला?’ मला सांगता आलं नाही. साहेब माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून मी शोध घेताना आधी विषय टाइप करत नाही. आधी स्वतःला विचारते, हे मोजणं कुणाला भाग आहे, आणि का?

आता तुझ्या विषयाला हाच प्रश्न लाव. सरकारी दप्तरात ‘पोळी-भाजी केंद्र’ नावाचा धंदाच नाही. तिथे प्रत्येक व्यवसायाला संकेतांक असतो. २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात ५६ हा विभाग खाद्यपेय सेवांचा आहे. त्यातला ५६१० म्हणजे उपाहारगृहं, पार्सल देणारी दुकानं आणि गाड्या. ५६२१ म्हणजे समारंभांचं केटरिंग. ५६२९ मध्ये कंत्राटी जेवण पुरवणारे वगैरे बाकीचे. काउंटरवर पोळ्या विकणारी आई ५६१० मध्ये बसते, पण महिन्याच्या बोलीवर ऑफिसात डबे देत असेल तर थोडी ५६२९ कडेही सरकते. या पेचावर अर्धं पान लिही. सर खूश होतील, आणि तुझ्या हाती शोधायला शब्दांऐवजी अंक येतील.

हा अंक घेऊन केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जा. कंपनी म्हणून नोंद नसलेल्या छोट्या उद्योगांचं तिथे दरवर्षी सर्वेक्षण होतं; ‘एएसयूएसई’ या अक्षरांनी शोध. २०२३-२४ च्या फेरीत देशभरात असे ७.३४ कोटी उद्योग आणि त्यांत १२ कोटींहून जास्त माणसं आढळली. कामगार, वर्षाची उलाढाल, मालक बाई की पुरुष, हे सगळं त्यात आहे. मात्र दादर-परळचा आकडा त्यातून पिळून काढू नकोस, नमुना तेवढा दाट नसतो. देश आणि राज्य या पातळीवर थांब.

गिऱ्हाईकाची बाजू कुटुंबांच्या खर्चाच्या सर्वेक्षणात सापडेल. २०२२-२३ मध्ये शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,४५९ रुपये होता. त्यातले १०.६४ टक्के पेयं, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेलं अन्न यांवर गेले. धान्य, दूध, भाजी यांपैकी कशाचाच वाटा इतका नाही. विकत घेतलेलं शिजवलेलं जेवण याच गटात मोडतं. तुझ्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात इथून होऊ शकते. फक्त २०११-१२ शी तुलना करताना मोजण्याची पद्धत मध्ये बदलली आहे, हे तळटीपेत लिही.

राज्यासाठी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ आहे. अर्थसंकल्पाच्या तोंडावर दरवर्षी निघते, मराठीतही मिळते, फुकट. आपल्याकडे ती कुणी उघडत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. कर्ज, बँका, भाववाढ यांसाठी रिझर्व्ह बँकेचं आकडेवारीचं पोर्टल आहे. तिथला तक्ता थेट एक्सेलमध्ये उतरतो. आम्ही हेच आकडे वाचनालयात बसून वहीत उतरवायचो आणि एक ओळ चुकली की पुढचं सगळं चुकायचं. पण उतरवण्यापूर्वी ‘चालू किमती’ (त्या-त्या वर्षाच्या) लिहिलंय की ‘स्थिर किमती’ (एकाच ठरलेल्या वर्षाच्या), आणि ते ठरलेलं वर्ष, म्हणजे आधारवर्ष, कोणतं, हे बघ. दोन वेगळ्या आधारवर्षांच्या मालिका एकाखाली एक चिकटवल्या की प्रगतीचे खोटे डोंगर उभे राहतात.

लाखाच्या अहवालाचं म्हणशील तर आईचे पैसे गॅस सिलिंडरला राहू देत. कंपनीला शेअर बाजारात उतरायचं असेल तर आधी बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे प्रस्तावाचा मसुदा द्यावा लागतो, आणि तो सेबीच्या साइटवर कुणालाही वाचता येतो. घरपोच जेवण पोचवणाऱ्या झोमॅटोचा २०२१ चा मसुदा काढ. पाचशे पानांना घाबरू नकोस, त्या उद्योगावरचं एक प्रकरण शोधून तेवढंच वाच. बाहेरच्या खाण्याच्या बाजाराचा सगळा अंदाज तिथे मिळेल. असे अंदाज बहुतेक वेळा कंपनीनेच पैसे मोजून करवून घेतलेले असतात आणि मसुद्यातच तसं छापलेलं असतं. म्हणजे वापर, पण जपून. मोजणाऱ्याला आकडा मोठा दिसण्यात रस आहे का, हेही ‘कुणी मोजला’ याच प्रश्नात येतं.

संशोधन-लेखांसाठी प्रबंधांचं ‘शोधगंगा’ सर्वांना खुलं आहे. त्यात खाणावळींवर, घरगुती उद्योगांवर, महिला बचत गटांवर प्रबंध शोध. प्रबंध पूर्ण नाही वाचलास तरी शेवटची संदर्भसूची वाच, ती आयती दिशा दाखवते. महागडी नियतकालिकं मिळवायचा रस्ता कॉलेजच्या ग्रंथपालांकडून जातो. तीन वर्षांत त्यांच्याशी एकदाही बोलली नसशील, पैज लावते. उद्या जा. आपल्या कॉलेजच्या लॉगिनवर काय उघडतं, मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या ग्रंथालयात बसायला पत्र मिळेल का, एवढं विचार. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंकही माग. ते साप्ताहिक १९६६ पासून मुंबईतूनच निघतं, आणि मुंबईच्या असंघटित कामगारांवर त्यात भरपूर आहे.

आता उरलं दादर-परळ. ते कुणीच मोजलेलं नाही, म्हणून तूच मोजायचंस. महापालिकेच्या जी उत्तर आणि एफ दक्षिण या दोन विभाग कार्यालयांकडे माहितीच्या अधिकारात वेगवेगळे अर्ज कर. दहा रुपये शुल्क आणि एका अर्जात एकच विषय : खाद्यपदार्थ विक्रीचे किती परवाने, कोणत्या वर्षी. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून अर्ज या आठवड्यातच टाक. मिळालेल्या आकड्यात विनापरवाना केंद्रं नसणार, हे स्पष्ट लिही.

आणि वीस-पंचवीस केंद्रांवर स्वतः जा, दुपारी तीन ते पाचच्या मधे, गर्दी ओसरल्यावर. ‘नफा किती?’ असं विचारलंस तर कुणीही खरं सांगणार नाही, तुझी आईसुद्धा नाही. ‘रोज किती किलो कणीक लागते?’ असं विचार. एका किलोत किती पोळ्या होतात ते आईला माहीत आहेच. पुढचा हिशेब तुला करता येईल. पोळ्या लाटणाऱ्या बायकांना मजुरी दिवसावर मिळते की नगावर, गाळा भाड्याचा की घरातूनच चालतं, सिलिंडर महिन्याला किती, एवढं पुरे. नावं लिहू नकोस, आणि कशासाठी विचारतेस ते आधी सांग. आईचं केंद्र या यादीत घेतलंस तर तेही लपवू नकोस.

स्रोताची ओळ लिहिताना कुणी प्रकाशित केलं, कोणत्या वर्षाचं, कितवा तक्ता, आणि तू तो कोणत्या तारखेला पाहिलास, हे चारही दे. एआयला फार तर ‘हे कोण मोजत असेल?’ एवढं विचार. आकडा त्याच्याकडून घेऊ नकोस. हातात मूळ कागद नाही तर आकडाही नाही.

करिअर होतं, आणि ते करायला मुंबईइतकं सोयीचं शहर नाही. रिझर्व्ह बँक, सेबी, शेअर बाजार, क्रिसिलसारख्या पतमापन संस्था, अर्थव्यवस्थेची आकडेवारी जमवणारी सीएमआयई, बँकांचे संशोधन विभाग, सगळं लोकलच्या पासात. सुरुवातीचं काम मात्र दहा तास तक्ते तपासण्याचं असतं. ते आधी समजून घे. एक्सेल पक्कं कर, संख्याशास्त्र टाळू नकोस. पदवीनंतर अर्थशास्त्रात एमए करायचं असेल तर कलिन्यातलं विद्यापीठाचं अर्थशास्त्र केंद्र १९२१ पासूनचं आहे आणि गोरेगावला रिझर्व्ह बँकेने उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. दोन्हींच्या प्रवेशाच्या अटी, विशेषतः गणिताची, आत्ताच वाचून ठेव.

आईला सांग, बँकेच्या परीक्षा आणि हे एकमेकांच्या आड येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘ग्रेड बी’ अधिकाऱ्यांच्या भरतीत अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या वेगळ्या जागा असतात, त्यांना पदव्युत्तर शिक्षण लागतं. तोवर तिला एक काम दे : उद्यापासून महिनाभर रोज किती कणीक भिजवली, ते केंद्रातल्या कॅलेंडरवर लिहायचं.