ती एफडी नव्हे, ताई

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंचं पत्र आहे. गूळ अडत्यांचे आणि दोन-तीन दुकानांचे हिशेब त्या घरी बसून लिहितात, महिना २२ हजार सुटतात. २०१५चा कॉम्प्युटर आठवड्यातून दोन-तीनदा निळा पडदा दाखवून बंद पडतो, दर वेळी 'मेमरी मॅनेजमेंट' असं लिहून येतं. वर्षात दोनदा फॉरमॅट झाला. आता दुरुस्तीवाला साडेसात हजारांत मदरबोर्ड बदला म्हणतोय. त्या विचारतात, दुरुस्त करू की ४८ हजारांचा नवा हप्त्यावर घेऊ? 'मार्चला बँकेतली तीन वर्षांची एफडी सुटते. दरवर्षी ५० हजार भरलेत, दोन लाख येतील, त्यातून फेडीन.' सोबत 'एफडी'च्या कागदाचा फोटो.

ताई, तो फोटो बघून मी कपाळाला हात लावला. एफडीत पैसे एकदाच ठेवतात. दरवर्षी भरताय तो विम्याचा हप्ता. कागदावर शिक्का बँकेचा असला तरी खाली बारीक अक्षरांत 'प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षे, पॉलिसीची मुदत १५ वर्षे' असं छापलंय. मार्चला दोन लाख येणार नाहीत, चौथा ५० हजार जाणार आहे. तोही ऑटो डेबिटने, तुम्हाला न विचारता.

दीड लाखाचे तीन वर्षांत दोन लाख म्हणजे वर्षाला पंधरा टक्के. एफडीवर एवढं व्याज कुठली बँक देते हो? बँकेत टेबलापलीकडून तुम्हाला ही पॉलिसी विकणाऱ्या साहेबांना ते माहीत होतं. कागदी पॉलिसी परत करायला तेव्हा १५ दिवस मिळायचे, आता ३० मिळतात. तुमचे केव्हाच गेले.

आता काय? आधी ऑटो डेबिट बंद करायचा अर्ज द्या आणि पोच घ्या. मग विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: पॉलिसी सोडली तर किती आणि हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीअखेर किती. अशा पारंपरिक (शेअर बाजाराशी न जोडलेल्या) पॉलिसीत तिसऱ्या वर्षात सोडलं तर भरलेल्याच्या किमान ३५ टक्के, म्हणजे जेमतेम ५२ हजार. चौथं वर्ष लागलं की निम्मे, ७५ हजार. म्हणून मार्चची तारीख उलटेपर्यंत सोडायची घाई नको. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवड असते, तेवढ्यात ठरवा. पुढची सात वर्षं साडेतीन लाख ओतण्यापेक्षा हा तोटा मी पत्करीन. फसवून विकल्याची लेखी तक्रारही कंपनीकडे टाका. महिन्यात दाद लागली नाही तर पुण्याचे विमा लोकपाल आहेत, फी नाही.

नव्या कॉम्प्युटरचा हप्ता महिना चार हजार, पॉलिसीचा महिन्याला पडतो जवळपास सव्वाचार. २२ हजारांत हे बसत नाही.

राहिला कॉम्प्युटर. फॉरमॅट करूनही तीच एरर येते, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नाही, आणि पहिला संशय मदरबोर्डवर नव्हे, रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांवर घ्यावा. विजेची वायर काढून रॅमच्या पट्ट्या बाहेर घ्या, सोनेरी टोकं खोडरबरने पुसा, एकेक पट्टी लावून आठवडाभर चालवून बघा. एकीवरच बंद पडत असेल तर तेवढीच बदला. यावर वर्षभर काढा. जास्त नको, कारण विंडोज १०चा नियमित सपोर्ट (सुरक्षेची अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, विंडोज ११ला २०१५चं मशीन अधिकृतपणे चालत नाही, आणि तुमच्याकडे परक्यांचे हिशेब आहेत. दरमहा दोन हजार बाजूला टाका, वर्षाने रोखीने चांगला रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकलेला जुना, घ्या.

खोलण्याआधी टॅलीचा बॅकअप मात्र पेन ड्राइव्हवर घ्या. गुळाचा हंगाम चालू आहे.