पिनबॉल मशीन: नवं स्पाइक घ्यावं की जुनं विल्यम्स?

तुमचा प्रश्न असा, की नागपुरात कॅफेसाठी पिनबॉल घ्यायचंय, तर स्टर्न कंपनीचं स्पाइक २ या इलेक्ट्रॉनिक प्रणालीवरचं नवं मशीन बरं की नव्वदच्या दशकातलं विल्यम्स कंपनीचं, आणि आतला सर्किट बोर्ड गेला तर खर्च किती. मी बर्डीवर गेमिंग मशीनचे बोर्ड दुरुस्त करतो. माझं मत नव्याच्या बाजूने आहे, पण एका अटीवर.

१९९० पासूनच्या विल्यम्स डब्ल्यूपीसी (त्यांची त्या काळची बोर्ड प्रणाली) मशीनमध्ये कॉइलचा, म्हणजे फ्लिपरसारखे भाग हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा, ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर अनेक कॉइलना लागणारा टिप-१०२ हा ट्रान्झिस्टर चहा-नाश्त्याच्या पैशात मिळतो. सोल्डरिंग येणारा कोणीही बसवून देईल. फक्त कॉइलही तपासायला सांगा, नाहीतर नवाही उडतो. खरा धोका सीपीयू बोर्डावरच्या तीन पेन्सिल सेलचा. ते गळले की रस खाली उतरतो, तांब्याच्या रेषा हिरव्या पडतात, चिपचे पाय कुजतात आणि बॉल कुठेही नसताना स्विच लागू लागतात. असा बोर्ड वाचवायला फार वेळ जातो, तरी भरवसा नसतो.

स्पाइकमध्ये प्लेफिल्डखाली, म्हणजे बॉल फिरतो त्या फळीखाली, छोटे नोड बोर्ड असतात. प्रत्येक बोर्ड आपल्या भागातल्या कॉइल, स्विच, दिवे सांभाळतो. दिवे एलईडीचे, म्हणून जुन्या मशीनसारखे बल्बच्या करंटने कनेक्टर करपत नाहीत. बिघाड कमी, पण झाला तर महाग. जवळजवळ सगळे पार्ट सरफेस माउंट, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटवलेले बारीक पार्ट. मॉसफेट (कॉइल चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) गेला तर हॉट एअरवर, म्हणजे गरम हवेच्या सोल्डरिंग यंत्राने, बदलता येतो. पण नोडचा प्रोसेसर गेला तर त्यात कंपनीचं फर्मवेअर (चिपमध्येच भरलेला प्रोग्राम) असतं, बाजारातली कोरी चिप लावून भागत नाही. मग अख्खा बोर्ड बाहेरून मागवायचा: काही शे डॉलर, वर शिपिंग आणि कस्टम ड्युटी. तोवर मशीन बंद, आणि कॅफेवाल्याला तेच जास्त महाग पडतं.

म्हणून अट ही: फ्लिपर चालवणारा एक नोड बोर्ड मशीनसोबतच जास्तीचा घ्या, आणि गेमच्या एसडी कार्डाची कॉपी पहिल्याच दिवशी काढून ठेवा. मशीन चालू असताना कनेक्टर कधीच काढू-लावू नका, चांगले नोड बोर्ड त्यानेच मरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा मागे हवा खेळती ठेवा. अर्थिंग आणि स्टॅबिलायझरवर पैसे वाचवू नका.

तरीही जुनंच आवडलं असेल, तर सौद्याआधी बॅकबॉक्स (मशीनच्या मागची उभी पेटी, बोर्ड त्यातच असतात) उघडून सेलच्या खालचा जवळून काढलेला फोटो मागवा. अमेरिकेतून आलेलं असेल तर ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टला जुळवलाय का, हे प्लग लावण्याआधी बघून घ्या.