घरातल्या गेम्स विका, पण तो ९ हजारांचा लॉट नको

मेल मिळाला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, बेसमेंटमधल्या जुन्या निन्टेन्डोच्या ३१ गेम्स तीन महिन्यांत ईबेवर लिलावाने विकल्या, २,१०० डॉलर आले, आणि आता एकजण आपलं अख्खं कलेक्शन ९,००० ला देतोय, सुटं विकलं तर १५,००० होतील असा तुमचा अंदाज, तर इमर्जन्सी फंड मोडून घ्यावं का?

नको. आता का ते बघा.

ते २,१०० छान आलेत, पण तो धंद्यातला नफा नाहीये हो, माळ्यावरची रद्दी विकल्यासारखं आहे ते, त्या गेम्सचे पैसे तुम्ही कधीच भरून विसरलेले होतात. माल विकत घेतला की गणितच बदलतं. एकच कार्ट्रिज, म्हणजे गेमची डबी, घेऊ, मारिओ कार्ट ६४. समजा ४० ला गेली, वर शिपिंगचे ६. ईबेची फी बसते गिऱ्हाईकाने भरलेल्या सगळ्या रकमेवर, शिपिंग आणि सेल्स टॅक्ससकट, म्हणजे ४९ च्या आसपास धरा, त्यावर साधारण साडेतेरा टक्के आणि वर ४० सेंट, झाले ७ डॉलर. पोस्टाचे साडेपाच (स्वस्त पडतं म्हणून मीडिया मेलने, म्हणजे पोस्टाच्या पुस्तकांसाठीच्या सवलतीच्या दराने, पाठवू नका, व्हिडिओ गेम त्यात चालत नाहीत), बबल मेलरचे, म्हणजे आतून फुगे असलेल्या पाकिटाचे, पाऊण. हातात पावणेतेहतीस. तुमच्याच हिशोबाने, १५,००० चा माल ९,००० ला, म्हणजे ४० च्या या कार्ट्रिजची खरेदी पडली २४. उरले पावणेनऊ, आणि त्यासाठी कार्ट्रिजच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लावून बघा, फोटो काढा, लिस्टिंग टाका, पॅक करा, पोस्टात जा, अर्धा तास कुठेच गेला नाही. ४० च्या सरासरीने १५,००० करायला अशा पावणेचारशे गेम्स लागतील, म्हणजे दोनेकशे तास आणि सगळं सुरळीत गेलं तर सव्वातीन हजार, तेही टॅक्सच्या आधी.

आणि सुरळीत जात नाही. लॉटमध्ये मूठभर गेम्सच पैसे आणतात, बाकी मॅडन फुटबॉलच्या जुन्या आवृत्त्या, फुकट दिल्या तरी कोणी नेत नाही. मी स्वतः लॉकडाउनमध्ये गेम बॉयच्या ४० कार्ट्रिज घेतल्या होत्या, हौस म्हणून, तर त्यातल्या पोकेमॉन एमराल्डच्या तिन्ही नकली निघाल्या. देणारा म्हणाला, मला काय माहीत. २०२१ साली सीलबंद सुपर मारिओ ६४ लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली हे तुम्ही लिहिलंय, पण ती न फोडलेली होती, तुमच्या लॉटमधल्यांवर कोणाच्या तरी पोराने पेनाने नाव लिहिलंय.

आता मेलच्या शेवटच्या ओळीत तुम्ही जे सहज लिहून टाकलंय, की एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि ईबेचं अकाउंट बायकोच्या नावाने काढीन. अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! स्वतःच्या वापरलेल्या वस्तू विकणं वेगळं आणि विकायसाठी माल भरणं वेगळं, दुसऱ्याला धंदा म्हणतात आणि एच-वनवर तुम्हाला काम फक्त स्पॉन्सर कंपनीसाठी करता येतं. वहिनी एच-फोरवर, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असतील आणि ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नसेल तर त्यांनाही चालत नाही. सव्वातीन हजारांसाठी ग्रीन कार्डची फाइल पणाला लावायची का? तरी करायचंच असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, मला नको.

विकलेल्या गेम्सचं टेन्शन घेऊ नका. न्यू जर्सीत १,००० च्या वर गेलं की ईबेकडून १०९९-के हा विक्रीच्या रकमेचा टॅक्स फॉर्म येतो, तो आला म्हणजे टॅक्स लागलाच असं नाही, घेतल्यापेक्षा कमीत विकलेल्या घरच्या वस्तूवर टॅक्स नसतो, फक्त फॉर्म रिटर्नमध्ये दाखवा, गप्प बसू नका. घेतल्यापेक्षा जास्तीत गेलेली एखादी असेल तर तेवढा फायदा मात्र धरावा लागेल.

उरलेल्या विका की निवांत. ज्यावर दोघं-तिघं तुटून पडतील अशाच गेम्स लिलावाला लावा, शेवट रविवारी संध्याकाळी येईल असं बघा, कारण खऱ्या बोली शेवटच्या काही सेकंदात पडतात. रोजच्या गेम्स ९९ सेंटपासून सुरू केल्या आणि एकच बोली आली तर ९९ सेंटलाच जातात, त्या फिक्स किमतीला ठेवा, आणि किंमत ठरवताना मागितलेले भाव नाही तर विकल्या गेलेल्यांचे भाव बघा.

आणि त्या कलेक्शनमधली अर्थबाउंड तुम्हाला खेळायला हवीय असं दिसतंय, दोनदा लिहिलंत. ती तेवढी सुटी मागून बघा, देईल कदाचित.