नायजरमधल्या कुपोषित मुलांसाठी महिन्याला हजार रुपये द्यायचे असतील तर कसे द्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नोकरी आहे, महिन्याला हजार रुपये बाजूला काढता येतात, ते पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरसारख्या देशातल्या कुपोषित मुलांना मिळावेत. 'एका मुलाचे पालक व्हा' ही योजना घ्यावी की संस्थेला नुसतेच पैसे द्यावेत, आणि भारतातून पाठवायचे कसे?

माझं मत आधीच सांगतो. मुलाचा फोटो आणि पत्र येणारी 'पालक व्हा' योजना घेऊ नका. काम चांगलं असलेल्या संस्थेला कुठल्याही अटीविना, वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आधी पैसे द्या. हे का म्हणतोय ते कळायला उपचार कसा होतो ते पाहावं लागेल.

सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाला मोजपट्टी लावतात. खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. आपल्या अंगणवाडीत याला दंडघेर म्हणतात. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, पण आवळली जाता कामा नये. आवळली की माप काही मिलिमीटरनं घटतं आणि धडधाकट मूल यादीत येतं. सैल राहिली तर आजारी मूल सुटतं. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल पट्टा, म्हणजे तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण. शिवाय दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून बघतात. दोन्हीकडे खळगा राहिला तर दंडघेर कितीही असो, मूल तीव्र कुपोषितच धरतात.

मग भुकेची चाचणी. मुलासमोर उपचाराच्या तयार खाद्याचं पाकीट फोडून देतात. खाल्लं आणि दुसरा काही गंभीर आजार नसला, तर उपचार घरीच. खाल्लं नाही, तर रुग्णालय. तिथं सुरुवातीला फार सावकाश, पातळ दुधावर ठेवतात, कारण उपाशी शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर मूल दगावू शकतं.

ते पाकीट ९२ ग्रॅमचं असतं, त्यातून ५०० किलोकॅलरी मिळतात. शेंगदाण्याचं वाटण, दूध पावडर, तेल, साखर, जीवनसत्त्वं आणि खनिजं. त्यात पाणी नसतं आणि घालावंही लागत नाही, म्हणून जंतू वाढत नाहीत. बंद पाकीट उन्हाळ्यातही टिकतं, मुदत साधारण दोन वर्षांची. फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियाँ आणि मिशेल लेस्कान यांनी १९९६ च्या सुमारास हे तयार केलं. त्याआधी उपचाराचं दूध स्वच्छ पाण्यात कालवावं लागे, म्हणून आईला आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहावं लागे. मागे शेत आणि बाकीची मुलं टाकून किती आया राहू शकणार? २००५ मध्ये नायजरच्या दुष्काळात हजारो मुलांवर घरच्या घरी उपचार झाले, तेव्हा हा फरक जगानं पाहिला.

आता हिशेब. सात किलोच्या मुलाला दिवसाला साधारण अडीच पाकिटं लागतात. उपचार सहा ते आठ आठवडे. आठ आठवडे धरले तर १४० पाकिटं. एका खोक्यात १५० असतात, म्हणजे ढोबळमानानं एका मुलामागे एक खोकं. खोक्याची किंमत साधारण ४० ते ५० डॉलर. पण जहाज, ट्रक, गोदाम, परिचारिकेचा पगार, औषधं धरली की एका मुलाचा उपचार १०० ते २०० डॉलरवर जातो. जाहिरातीत सहसा नुसत्या पाकिटांचा आकडा असतो, हे लक्षात ठेवा.

बिघडतं कुठे? घरात तीन भावंडं उपाशी असली की आई पाकीट वाटून देते. ती चुकत नाही, पण आजारी मुलाचं वजन वाढत नाही. म्हणून चांगल्या संस्था बाकीच्या घरासाठीही धान्य किंवा रोख देतात. तुमचे पैसे एकाच मुलाच्या नावानं बांधलेले असले, तर हे करायला अडचण येते.

सगळ्यात वाईट म्हणजे साठा संपणं. नायजरमध्ये जून ते सप्टेंबर हे तंगीचे महिने: जुनं धान्य संपलेलं, नवी बाजरी शेतात उभी, आणि पावसाबरोबर मलेरियाही. देशाला समुद्रकिनारा नाही. बाहेरचा माल २०२३ पर्यंत मुख्यतः शेजारच्या बेनिनमधल्या कोतोनू बंदरात उतरून रस्त्यानं वर जायचा. जुलै २०२३ मधल्या लष्करी उठावानंतर बेनिनची सीमा बंद झाली आणि मदतीचे ट्रक अडकून पडले. राजधानी नियामेतही ही पाकिटं बनतात, पण गरज त्याहून मोठी आहे. टीव्हीवर हाडं दिसणारी मुलं ऑगस्टमध्ये दिसतात आणि तेव्हा पैशांचा पूर येतो. पण ऑगस्टसाठीचं खोकं वसंतातच मागवलेलं असावं लागतं. फेब्रुवारीत आलेला हजार रुपया म्हणूनच जास्त कामाचा.

संस्था निवडताना 'कार्यालयीन खर्च किती टक्के' एवढंच विचारू नका. परिचारिकांवर देखरेख ठेवणाऱ्याचा पगारही त्यातच मोजला जातो. त्यापेक्षा बरे झालेल्या, दगावलेल्या आणि उपचार अर्धवट सोडलेल्या मुलांचं प्रमाण मागा. मानवतावादी कामात सर्वमान्य असलेले स्फिअर निकष सांगतात: बरी झालेली ७५ टक्क्यांहून जास्त, दगावलेली १० टक्क्यांहून कमी, सोडून गेलेली १५ टक्क्यांहून कमी. तिन्ही आकडे देत नाही, त्या संस्थेला मी पैसे देणार नाही.

पाठवायचं कसं? रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि धर्मादाय देणगी त्यात बसते. बँकेत पॅन आणि ए-२ फॉर्म द्यायचा, त्यावर उद्देश म्हणून परदेशी धर्मादाय संस्थेला देणगी असं लिहायचं. दरमहा हजार पाठवलेत तर बँकेचं शुल्क आणि मधल्या बँकेची कपातच बरंच खाईल. म्हणून वेगळ्या खात्यात बारा हजार साठवा आणि जानेवारी-फेब्रुवारीत एकदम पाठवा. कार्डवरून दरमहा आपोआप कपात लावली, तर परदेशी संस्थांच्या बाबतीत ती बऱ्याचदा नाकारली जाते.

देणगीवरची आयकर सवलत, जिला ८०जी म्हणतात, ती मात्र परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळत नाही. ती हवीच असेल, तर मेळघाट किंवा नंदुरबारमध्ये काम करणारी, ८०जी नोंदणी असलेली संस्था पाहा. तिथंही हाच दंडघेर मोजला जातो. दोन हजारांहून जास्त रोख देऊ नका, सवलतीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत नाही हे आधी तपासा. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक इथल्या संस्थेला देणार असतील, तर तिच्याकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी हवी.

आणि पैसे पाठवताना संस्थेला ई-मेल करा: ही देणगी कुठल्याही एका देशाला किंवा प्रकल्पाला बांधलेली नाही.