कॉलरचं सुटं बटण

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. एम.ए.ला ई. एम. फॉर्स्टरची ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही कादंबरी लागलीय, निम्मं वाचून तू ते मिटून ठेवलंस आणि कारण दोनच वाक्यांत कळवलंस: साहेबाला आपण कधी कळलोच नाही, आणि गोडबोले नावाचा एक चित्पावन घालून त्याला अगदी खुळा करून ठेवलाय. तुझा राग मला समजतो. पहिल्या वाचनात मीही गोडबोल्यांपाशी चिडले होते. तरी पुस्तक परत उघड. मशीद म्हणजे अमुक, गुहा म्हणजे तमुक असलं गाइडातलं सगळं बाजूला ठेव आणि सातव्या प्रकरणातलं कॉलरचं बटण शोध.

त्या काळी कॉलर सदऱ्याला शिवलेली नसायची. खळ देऊन कडक केलेली कॉलर वेगळी, आणि ती पुढून-मागून सुट्या बटणांनी अडकवायची. कॉलेजचा प्रिन्सिपल फील्डिंग चहाच्या तयारीत कपडे करत असतो, आणि त्याचं मागचं बटण पायाखाली चिरडलं जातं. डॉक्टर अझीझ आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या घरी आलेला. माझ्या खिशात एक जादा आहे, असं तो बेधडक सांगतो, स्वतःच्या कॉलरचं सोन्याचं बटण उपटून काढतो आणि देऊन टाकतो. मेव्हण्यानं युरोपातून आणलेल्या संचातलं ते बटण. मग आपली कॉलर वर सरकू नये म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करत चहाला बसतो.

तिथंच फील्डिंग विचारतो, या कॉलरी माणूस घालतो तरी कशाला? अझीझचं उत्तर नीट वाच. तो म्हणतो, पोलिसांनी वाट सोडावी म्हणून. साहेबी कपडे, कडक कॉलर, हॅट असली की सायकलवर कुणी अडवत नाही. फेज टोपी घातली की लगेच ‘दिवा बंद आहे’ म्हणून ओरडा. एवढ्या दोन ओळींत तो काळ आहे.

आणि त्याच संध्याकाळी रॉनी, म्हणजे गावचा मॅजिस्ट्रेट, आपल्या आईला, म्हणजे मिसेस मूरना, आणि जिच्याशी त्याचं लग्न ठरू घातलंय त्या ॲडेलाला सांगतो: तो अझीझ पाहिलात? टायपिनपासून बुटांपर्यंत नटलेला, पण कॉलरचं मागचं बटण विसरला. हिंदी माणूस म्हणजे असाच, बारीकसारीक गोष्टींत ढिला.

मी हे प्रकरण वर्गात शिकवायची तेव्हा इथं थांबायची आणि विचारायची, रॉनी खोटं बोलला का? मुलं एकसुरात ‘हो’ म्हणायची. पण तो खोटं बोललेला नाही. कॉलर खरंच वर चढली होती. बटण खरंच नव्हतं. ते कुणाला दिलं, का दिलं, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं त्याला वाटलं नाही. पूर्वग्रह धादांत खोट्यावर उभा असता तर तो पाडायला सोपा होता. तो उभा असतो डोळ्यांनी पाहिलेल्या अर्ध्या खऱ्यावर, म्हणून त्याचा मालक इतका ठाम असतो.

तुला माझंही सांगते, कारण हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गातला एक मुलगा तास संपायच्या दहा मिनिटं आधी वही मिटून उठायचा. रोज. एकदा मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि ‘तुम्हा लोकांना शिकायचंच नसतं’ असं बोलले. ‘तुम्हा लोकांना’ म्हणाले मी. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तास संपेपर्यंत बसायला लागला, आणि महिन्याभरात कॉलेज सोडून गेला. त्याच्या गावाची शेवटची एसटी आमच्या तासाच्या आत सुटायची, हे मला शिपायाकडून कळलं. महिनाभर तो रोज अंधारात पायी घरी जात होता. सातवं प्रकरण वाचताना मला अझीझच्या जागी बसता येत नाही. मी रॉनीच्या खुर्चीत बसून ते वाचते.

म्हणून सांगते, ‘साहेब वाईट, आपण भोळे’ अशी वाटणी करून हे पुस्तक वाचू नकोस; ती त्यात बसत नाही. मशिदीत मिसेस मूर भेटतात तेव्हा अझीझ आधी त्यांच्या अंगावर ओरडतो, कारण गोऱ्या बाईनं जोडे काढले नसणार हे त्यानं धरूनच चाललेलं असतं. त्यांनी ते दाराशीच काढलेले असतात. गुहेत अझीझनं आपल्यावर हात टाकला असा आरोप ॲडेला करते; त्या खटल्यानंतर फील्डिंगनं तिच्याशीच लग्न केलं असं अझीझ खुशाल मानून बसतो, फील्डिंगची पत्रंसुद्धा धड वाचत नाही; आणि लग्न झालेलं असतं मिसेस मूरच्या मुलीशी. खटला चालवलेला न्यायाधीश दास पुढे त्याच्याकडे येतो, दोघे हात मिळवत अर्धी गळाभेट घेतात, आणि त्याच क्षणी अझीझच्या मनात येतं की यांना बघून मला शेण का आठवतं, आणि दासच्या मनात येतं की काही मुसलमान फार हिंसक असतात. दोघंही हसतात. ते पान वाचताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो, कारण ती अर्धी मिठी खोटी नाहीये.

पण दोन्हीकडे चुका आहेत म्हणून दोन्ही सारख्या असं मात्र पेपरात लिहू नकोस. अझीझ चुकला तर एक मैत्री मोडते. रॉनी आणि त्याचा गोऱ्यांचा क्लब चुकला तर माणूस स्टेशनवर उतरता उतरता तुरुंगात जातो. वसाहतीचं राज्य म्हणजे काय हे या फरकात आहे. अझीझच्या अटकेनंतर कलेक्टरची बायको मिसेस टर्टन म्हणते, इंग्रज बाई दिसली की यांना हातापायांवर रांगायला लावलं पाहिजे. १९२४ साली पुस्तक आलं तेव्हा वाचणाऱ्याला हे कल्पनेतलं वाटलं नसणार. एप्रिल १९१९ मध्ये अमृतसरला एका इंग्रज मिशनरी बाईवर जिथं हल्ला झाला होता त्या गल्लीतून हिंदी माणसांनी पोटावर सरपटत जावं, असा हुकूम जनरल डायरनं काढला होता, जालियनवाला बागेनंतर आठवड्याच्या आत. हे शेजारी ठेवून ते प्रकरण वाच.

गुहेत नक्की काय झालं, हे तू विचारलंयस. त्यात फार वेळ घालवू नकोस. सुरुवातीच्या एका खर्ड्यात फॉर्स्टरनं गुहेतली झटापट लिहिली होती, नंतर ती काढून टाकली. त्याला तिथं भोक ठेवायचं होतं, कारण त्या भोकात प्रत्येक जण आपल्या मनातलं भरतो, आणि पुढचं पुस्तक त्यावरच चालतं. जाता जाता एक: कादंबरीतलं चंद्रपूर आपलं नव्हे, ते गंगेकाठचं, पाटण्याजवळच्या बांकीपूरवरून घेतलेलं, आणि गुहा असलेल्या मराबार टेकड्या म्हणजे गयेच्या बाजूच्या बराबर टेकड्या. तिथल्या गुहा अशोकाच्या काळातल्या, आजीविक पंथाच्या संन्याशांना दिलेल्या. आतून ग्रॅनाइट इतका घोटलेला की भिंतीत ज्योत दिसते. फॉर्स्टर तिथं १९१३ च्या जानेवारीत गेला होता.

आता गोडबोले. इथं मी तुझ्याशी भांडणार आहे.

माझं माहेर देवासचं, हे तुला ठाऊक आहे. थोरली पाती, धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थानं एकाच गावात, आणि डोक्यावर देवीची टेकडी. थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. त्यांच्याकडे फॉर्स्टर १९२१ साली काही महिने खाजगी सचिव म्हणून राहिला. कादंबरीची सुरुवात त्यानं पहिल्या भेटीनंतर, १९१३ मध्येच केली होती, पण ती अडून पडली होती. देवासला त्यानं गोकुळाष्टमीचा उत्सव दिवसचे दिवस जवळून पाहिला, आणि शेवटचा भाग तिथून आला. माझी आजी त्या रात्रीच्या गजराबद्दल सांगायची, झांजांनी कान बधिर व्हायचे म्हणे. तेहतिसावं प्रकरण वाचताना मला तिचा आवाज ऐकू येतो.

त्या प्रकरणात गोडबोले अनवाणी, चष्मा फुलांच्या माळेत अडकलेला, देवासमोर उभे राहून गातायत, आणि ते काय गातायत? तुकाराम, तुकाराम, तूच आमचा मायबाप. देव समोर आणि गाणं संताला, हे परक्याला विसंगत वाटेल असं फॉर्स्टर लिहितो. वारीत ‘ज्ञानबा-तुकाराम’ म्हणत चाललेल्या कुठल्या बाईला हे कोडं पडेल का? या सगळ्यासाठी त्यानं वापरलेला ‘मडल’ (muddle) हा शब्द मराठीत आणायचा तर ‘गोंधळ’ हाच. आणि आपल्याकडे संबळाच्या तालावर रात्रभर देवीला जागवतात तोही गोंधळच. इंग्रजी वाचकाला ही दुसरी बाजू त्या शब्दात मिळत नाही. तुला मिळते. तुझ्या पेपरात हे लिही, गाइडात सापडणार नाही.

त्याच कीर्तनात गोडबोल्यांना अचानक मिसेस मूर आठवते, आणि मग एक गांधीलमाशी. ती गांधीलमाशी पुस्तकाच्या सुरुवातीला मिसेस मूरला खुंटीवर झोपलेली दिसली होती. गोडबोल्यांना ते ठाऊक असायचं कारण नाही. ते दोघींनाही मनानं कवेत घेतात. मग ती माशी ज्या दगडावर बसली होती त्या दगडालाही घ्यायला जातात, आणि तिथं अडतात. दगड जमत नाही. ज्या माणसाला लेखकानं नुसतं खुळं ठरवलं असतं, त्याला हे दगडापाशी अडणं त्यानं दिलं नसतं.

हां, अटकेच्या दिवशी फील्डिंग डोकं धरून बसलेला असताना गोडबोले त्याला शाळेला नाव काय द्यावं असं विचारतात, तिथं माझाही तोल जातो. चहाच्या वेळी इतरांपासून जरा मागं, वेगळ्या टेबलावर खाणारे गोडबोलेही मला खटकतात. पण तिथं खोट लेखकाची नाही. ते सोवळं आपल्या घरात होतं. माझ्या आजीच्याही घरात होतं.

फॉर्स्टरवर टीका अवश्य कर. लेखक नीरद चौधरींनी १९५४ मध्ये केली होती, हिंदी माणसं फार मिंधी दाखवली म्हणून. ती मिळवून वाच. मला स्वतःला जास्त सलतं ते असं की यातल्या आपल्या बायका जवळजवळ सगळ्या पडद्याआड आहेत. अझीझची बायको तर फोटोच आहे, खणातला. पण टीका करताना कोर्टातल्या पंखा ओढणाऱ्या माणसाला विसरू नकोस. ॲडेला आत येते तेव्हा सगळ्यांत आधी तिची नजर त्याच्यावर जाते. तो अस्पृश्य आहे, समोर काय चाललंय हे त्याला ठाऊक नाही, आणि कोर्ट रिकामं झाल्यावरही तो दोरी ओढतच राहतो, रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत. पुढे मुल्कराज आनंदांच्या ‘अनटचेबल’ला १९३५ मध्ये प्रस्तावना लिहिणारा हाच लेखक.

सोबत माझी प्रत पाठवते आहे. पानं सुटी झालीत, जपून हाताळ. बटणाच्या पानावर समासात पेन्सिलनं एसटीची वेळ लिहिलेली दिसेल, चार चाळीस. ती खोडू नकोस. आणि गोकुळाष्टमीचं प्रकरण मोठ्यानं वाच, तुझ्या आईला समोर बसवून. त्या दरसाल वारीला जातात, तुकारामाच्या ओळीपाशी त्या काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझ्या,
बाई