हौशी रेडिओचा छंद पूर्णपणे लिनक्सवर करता येईल का?

हौशी रेडिओचा परवाना नुकताच मिळाला आहे, घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातले तर या छंदात काही अडेल का, असे आपण विचारले आहे. माझे स्वतःचे स्टेशन बऱ्याच वर्षांपासून डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर चालते आणि त्या अनुभवावरून सांगतो की फारच थोड्या गोष्टी अडतात. त्या कोणत्या, हे शेवटी लिहिले आहे. मात्र लिनक्स फुकट मिळते म्हणून मी त्याची शिफारस करत नाही. रेडिओचे नियंत्रण, ध्वनी, घड्याळ आणि संकेत उलगडणे ही चारही कामे लिनक्समध्ये वेगवेगळी दिसतात आणि प्रत्येक स्वतंत्रपणे तपासता येते. ज्याला केवळ संपर्क मोजायचे नसून आपले स्टेशन समजून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी हे फार मोलाचे आहे.

सुरुवात एफटी८ या डिजिटल पद्धतीपासून करावी, कारण तिच्यात ही चारही कामे एकदमच पारखली जातात. पल्सारवरील संशोधनासाठी १९९३ चे नोबेल मिळालेले जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये ही पद्धत आणली. तिच्यासाठीचा डब्ल्यूएसजेटी-एक्स हा प्रोग्राम मुक्त परवान्याखाली असून डेबियन आणि उबुंटू यांच्या भांडारातून थेट बसवता येतो. प्रत्येक फेरी १५ सेकंदांची, त्यात प्रक्षेपण १२.६४ सेकंदांचे, संदेश ७७ बिटांचा आणि संकेताची रुंदी अवघी ५० हर्ट्झ. २५०० हर्ट्झच्या पट्ट्यातील गोंगाटापेक्षा संकेत सुमारे २१ डेसिबलने क्षीण असला, म्हणजे कानाला काहीच ऐकू येत नसले, तरी तो वाचला जातो. त्यामुळेच गच्चीवर ताणलेल्या साध्या डायपोलवरून (दोन तारांच्या अँटेनावरून), मोजक्या वॉटमध्ये, बँड उघडा असताना म्हणजे दूरचे संकेत पोहोचत असताना युरोप किंवा जपानपर्यंत पोहोचता येते.

नवख्याची पहिली अडचण बहुधा सिरियल पोर्टची, म्हणजे संगणक ज्यातून रेडिओला आज्ञा देतो त्या जोडणीची असते. रेडिओची यूएसबी केबल जोडलेली असते, पोर्ट दिसतही असते, पण प्रोग्राम ते उघडू शकत नाही. डेबियन आणि उबुंटूमध्ये ही मुभा 'डायलआउट' नावाच्या गटातील खात्यांनाच असते. आपले खाते त्या गटात घालावे, एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे, म्हणजे प्रश्न मिटतो. प्रोग्राम रूट म्हणजे सर्वाधिकारी खाते म्हणून चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. दोन-तीन उपकरणे जोडलेली असतील तर पोर्टांचे क्रमांक आपापसांत बदलू शकतात, म्हणून सेटिंगमध्ये क्रमांकाचे नाव न देता 'बाय-आयडी' या फोल्डरमधील कायमचे नाव द्यावे. आयकॉमच्या आयसी-७३०० सारख्या रेडिओत साउंड कार्ड आतच असते. त्याची एकच केबल नियंत्रण आणि ध्वनी दोन्ही वाहते आणि लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

ध्वनीबाबत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. रेडिओचे साउंड कार्ड आणि संगणकाचे नेहमीचे साउंड कार्ड वेगळे असावे, आणि रेडिओचे कार्ड संपूर्ण यंत्रणेसाठी आपोआप निवडले जाणार नाही याची खात्री करावी. तसे झाले, तर प्रक्षेपण चालू असताना वाजलेली सूचनेची घंटा एफटी८ च्या सुरांबरोबर बँडवर जाईल. पातळी इतकीच ठेवावी की रेडिओचा एएलसी (प्रक्षेपणाची पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा काटा) जेमतेम हलेल किंवा हलणारच नाही. आवाज वाढवल्याने संकेत दूर जात नाही, तो फक्त पसरतो आणि शेजारच्या स्टेशनांना त्रास देतो. घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर हवे. त्यासाठी क्रोनी हा प्रोग्राम उत्तम आहे, आणि डोंगरावर इंटरनेट नसेल तेव्हा त्यालाच जीपीएसवरून वेळ पुरवता येते.

हे सगळे जमले की हॅमलिब या रेडिओ-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरकडे वळावे, कारण लिनक्सची खरी ताकद मला तिथे दिसते. सिरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामने धरायचे असते. पण हॅमलिबचा 'रिगसीटीएलडी' हा सेवक ते पोर्ट स्वतः धरतो आणि ४५३२ क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टवर सगळ्यांना उत्तरे देतो. मग डब्ल्यूएसजेटी-एक्स, सीक्यूआरलॉगसारखी नोंदवही आणि आपण स्वतः लिहिलेली चार ओळींची स्क्रिप्ट या तिघांना एकाच रेडिओची फ्रिक्वेन्सी एकाच वेळी विचारता येते, तीही दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरून.

या छंदाचे आणि लिनक्सचे नाते जुने आहे. पॅकेट रेडिओचा, म्हणजे रेडिओवरून संगणकाची माहिती तुकड्यांत पाठवण्याचा, एएक्स.२५ हा प्रोटोकॉल १९९० च्या दशकातच लिनक्सच्या कर्नेलमध्ये आला आणि त्यामागचे अॅलन कॉक्स स्वतः परवानाधारक हौशी होते. आज स्वस्तात मिळणारा, संकेत सॉफ्टवेअरने उलगडणारा आरटीएल-एसडीआर रिसीव्हरही याच वाटेने आला. टीव्हीसाठी बनवलेल्या त्या डोंगलमधील चिप कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे लिनक्सचे ड्रायव्हर लिहिणाऱ्या अँटी पालोसारी यांच्या लक्षात आले आणि २०१२ मध्ये ऑस्मोकॉम गटाने त्यावरून संपूर्ण रिसीव्हर उभा केला. हे डोंगल लावल्यावर कर्नेल त्याला टीव्ही समजून स्वतःचा ड्रायव्हर लावून बसला, तर तो ड्रायव्हर बंदयादीत टाकावा लागतो.

त्या डोंगलवर आपण आवर्जून करावा असा एक प्रयोग सुचवतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या कतारच्या एसहेल-२ या भूस्थिर उपग्रहावर हौशींसाठी क्यूओ-१०० हा ट्रान्सपाँडर (संकेत घेऊन परत पाठवणारे उपकरण) आहे. तो २५.९ अंश पूर्वेला असल्याने पुण्याहून पश्चिम-नैर्ऋत्येला, क्षितिजापासून तीसेक अंशांवर सापडतो. जुनी डीटीएचची थाळी त्या दिशेला फिरवून तिच्यावर ९७५० मेगाहर्ट्झ ऑसिलेटरचा एलएनबी (थाळीवरील, फ्रिक्वेन्सी खाली उतरवणारा भाग) बसवला, की १०४८९.५ मेगाहर्ट्झच्या आसपासचे संकेत ७३९.५ मेगाहर्ट्झवर उतरतात आणि जीक्यूआरएक्स या रिसीव्हर प्रोग्राममध्ये ऐकू येतात. एलएनबीला वीज वेगळ्या बायस-टीमधून (संकेताच्या केबलमधूनच वीज देणाऱ्या जोडणीतून) द्यावी. डोंगलमधून मिळणारे व्होल्टेज त्याला पुरत नाही. ऊन चढते तशी साध्या एलएनबीची फ्रिक्वेन्सी सरकते, तेव्हा थोडे जुळवून घ्यावे लागेल. यात प्रक्षेपण नसल्याने रेडिओ हाती येण्याची वाटही पाहावी लागत नाही.

आता अडणाऱ्या गोष्टी. डीएमआर या डिजिटल आवाजाच्या पद्धतीच्या अनेक हातसंचांचे प्रोग्रामिंग करणारी निर्मात्यांची सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात, जरी साध्या एफएम हातसंचांपैकी पुष्कळांसाठी चर्प हा प्रोग्राम पुरेसा होतो. स्पर्धांमध्ये लोकप्रिय असलेला, संपर्क नोंदवणारा एन१एमएम लॉगर विंडोजसाठीच आहे. वारा हा रेडिओवरून माहिती पाठवणारा मोडेम प्रोग्रामही तसाच, पण विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या मदतीने तो चालवता येतो. रेडिओचे फर्मवेअर मेमरी कार्डवरून बदलता येत असेल तर काळजी नाही. पण त्यासाठी निर्मात्याचा विंडोज प्रोग्रामच लागत असेल, तर ते काम वाइनमध्ये किंवा आभासी यंत्रात करू नये, कारण मध्येच जोडणी तुटली तर रेडिओ निकामी होऊ शकतो. तेवढ्यापुरता एखाद्या मित्राचा विंडोज संगणक मागून आणावा.