सह्याद्री आणि कोकण मिळून दहा दिवसांची साहसी सुट्टी कशी आखावी?

तुमच्या प्रश्नातला आराखडा असा आहे: नागपूरचे चौघं मित्र, तिशीच्या आतबाहेरचे, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून दहा दिवस मोकळे. विमानानं गोवा, तिथून मालवण, दोन दिवस स्कूबा, दुसऱ्या दिवशीच्या डाइव्हनंतर दुपारीच आंबोली घाट चढून वर, मग कोलाडचं राफ्टिंग, कामशेतचं पॅराग्लायडिंग आणि शेवटी सांधण दरी व कळसूबाई. चौघांपैकी एकाला पोहता येत नाही. क्रम बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

क्रम उलटा करा. डोंगर आधी, समुद्र शेवटी. आणि पाचातल्या दोन गोष्टी यादीतून काढून टाका. मी ठाण्याचा, सोळा-सतरा वर्षं सह्याद्रीत फिरतोय, आमच्या छोट्या ग्रुपबरोबर रोप लावायला जातो आणि अलीकडे दर हिवाळ्यात मालवणला पाण्यात उतरतो. तुमच्यासारखा आराखडा मला वर्षातून दोन-तीनदा कुणीतरी दाखवतं. दर वेळी पहिला आक्षेप त्या घाटाचाच असतो.

पाण्याखाली टाकीतली हवा आपण दाबाखाली श्वासात घेतो. त्यातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत नेहमीपेक्षा जास्त विरघळतो. वर आल्यावर तो लगेच जात नाही, काही तास हळूहळू श्वासावाटे निघत राहतो. तेवढ्यात तुम्ही उंचावर गेलात तर बाहेरचा दाब कमी होतो आणि उरलेल्या वायूचे अंगातच बुडबुडे होऊ शकतात. त्यातून सांधे दुखतात, मुंग्या येतात, वाईटात वाईट म्हणजे हातपाय लुळे पडतात. म्हणून विमानात बसण्याआधी एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि एकाहून जास्त डाइव्ह झाले असतील तर 18 तास थांबायचं, हा डायव्हिंगमधला सर्वमान्य नियम आहे. बहुतेकांना वाटतं की हा नियम फक्त विमानापुरता आहे. पण विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. कळसूबाईचं शिखर 1646 मीटरवर आहे, आंबोली सातशेच्या आसपास. शरीराला गाडी आणि विमान यातला फरक कळत नाही. पर्यटकांना पंधरा-वीस मिनिटांचं उथळ स्कूबा करवतात त्यात हा धोका खूप कमी असतो, हे खरं. पण तुमचे सलग दोन दिवस डाइव्ह आहेत आणि लगेच घाट आहे. हा धोका घ्यायचं काहीच कारण नाही, कारण क्रम बदलला की तो आपोआप जातो.

दुसरं कारण पायांचं. बारी गावातून कळसूबाई चढताना दम लागतो, पण मांड्या भरून येतात त्या उतरताना. लोखंडी शिड्या, पायऱ्या आणि घसारा उतरून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी जिना धरून चालतो. असे पाय घेऊन पाण्यात तरंगायला मजा येते. पोटात खारं पाणी, खांद्यात दुखणं आणि दोन दिवसांचं जागरण घेऊन दोरावर लटकायला मात्र येत नाही.

आता काय वगळायचं. कामशेत सुंदर आहे, पण पॅराग्लायडिंग वाऱ्यावर चालतं आणि वारा आपल्या रजेच्या अर्जाप्रमाणे वाहत नाही. दोन दिवस हाताशी ठेवून टेकडीखाली बसायची तयारी असेल तरच जा. तुमच्या आराखड्यात अर्धा दिवस आहे, तो वाया जाण्याचीच शक्यता जास्त. कोलाडचं राफ्टिंग त्यामानानं भरवशाचं. कुंडलिकेला हे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून येतं. मुळशी धरणाचं पाणी वीज करून खाली सोडलं जातं, म्हणून हिवाळ्यातही नदी वाहती असते. पण पाणी सकाळी सुटतं, म्हणजे आदल्या रात्रीच कोलाडला मुक्कामाला पोचावं लागतं. तुमच्या वाटेत हा एक पूर्ण दिवस खातो. त्यासाठी पुढच्या वेळी वेगळा शनिवार-रविवार काढा. कुणाचा गुडघा दुखत असेल आणि कळसूबाई नको असेल, तर मात्र तिच्या जागी कोलाड घाला.

तारखाही शक्य असेल तर बदला. 25 ते 31 डिसेंबरला भंडारदरा आणि मालवण दोन्हीकडे पाय ठेवायला जागा नसते, आणि दोरावरच्या खेळात गर्दी म्हणजे निव्वळ गैरसोय नाही, धोका आहे. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा घेतलात तर थंडी तीच, सांधणमधलं पाणी थोडं उतरलेलं आणि माणसं निम्मी.

मी असा जाईन: नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या इगतपुरीला थांबतात. तिथं उतरायचं, घोटीवरून जीपनं भंडारदऱ्याच्या बाजूला यायचं. रात्रभराच्या प्रवासानंतर त्या दिवशी काही चढायचं नाही. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघा, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी कळसूबाई. तिसऱ्या दिवशी साम्रदला मुक्काम हलवायचा आणि पाय पसरून बसायचं. हा दिवस रिकामाच राहू द्या. चौथ्या दिवशी सांधण.

सांधणबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या सगळ्या बेतात ही एकच जागा अशी आहे जिथून मध्येच परत फिरता येत नाही. साम्रद गावाजवळ जमिनीला उभी चीर पडावी तशी ही घळ आहे. आत शिरलं की दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच काळा कातळ, आणि काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. सुरुवातीलाच पाण्याचे दोन डोह लागतात. डिसेंबरात पाणी कमरेपर्यंत येऊ शकतं, आणि तिथं ऊन पोचत नसल्यामुळे ते हाडापर्यंत गार असतं. सॅक डोक्यावर धरायची. कॅमेरा आणि कोरडे कपडे आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचे. पुढे मोठमोठ्या दगडांवरून उतरत पहिल्या रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याच्या, टप्प्यापाशी येतो. हा साधारण चाळीस-पन्नास फुटांचा. सगळे खाली आले आणि रोप ओढून घेतला की मागची वाट बंद. आता दरीखालच्या डेहणे गावापर्यंत उतरायचंच.

काही वर्षांपूर्वी मावसभावाच्या हौसेखातर मी एका आयोजकाबरोबर पैसे भरून तिथं गेलो होतो. सदतीस माणसं आणि टप्प्यावर एकच रोप. एक माणूस बांधायला, उतरायला आणि सुटायला सहा-सात मिनिटं लागतात. हिशोब करा. पहिल्याच टप्प्यावर आम्ही चार तास दगडावर बसून होतो, ओल्या कपड्यांत. पाच वाजता मावसभावाची पाळी आली. त्याच्या गळ्यात मफलर होता. थंडी म्हणून कुणी काढायला सांगितला नाही आणि मीही बघितलं नाही. निम्म्यात त्याची मान खाली ओढली गेली. मफलरचं टोक डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या कमरेच्या धातूच्या साधनात, शिरलं होतं आणि त्याच्याच वजनानं आणखी आत खेचलं जात होतं. वेगळा बिले, म्हणजे वरून धरलेला सुरक्षेचा दुसरा दोर, लावलेला होता म्हणून वरच्या मुलानं त्याला त्यावर धरून ठेवलं. दुसऱ्यानं खाली उतरून, त्याचं वजन हलकं करून मफलर कापला. दहा-बारा मिनिटं लागली असतील. त्याच्या गळ्यावर दोन आठवडे लाल वळ होता. आम्ही डेहण्यात पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता.

त्यानंतर मी कुणालाही चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू देत नाही. एकूण माणसं किती? पंधराच्या वर असतील तर नको. टप्प्यावर रोप किती? मुख्य रोपाशिवाय प्रत्येकाला वेगळा बिले मिळणार का? आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? 2021 मध्ये राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांना ही नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे फोटो कितीही छान असोत, सोडून द्या. साम्रदचा एक वाटाड्या वेगळा घ्या, आयोजकाचे लोक असले तरीही. आभाळ भरलं की आत जायचं नाही, हे तो तुम्हाला न विचारता सांगेल. घळीत फोन लागत नाही. म्हणून किती वाजता शिरलो आणि कधी बाहेर येणार हे साम्रदमध्ये ज्या घरी जेवाल तिथं आणि नागपूरच्या घरी सांगून निघा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक निघण्यापूर्वीच फोनमध्ये ठेवा. डोंगरात कुणी अडकलं की राज्यभरातल्या गिर्यारोहकांना तिथून निरोप जातो.

आणखी एक, अत्तर आणि डिओ घरी ठेवा. कड्यांना आग्यामोहोळं असतात. उग्र वास आणि धूर त्यांना चालत नाही. कड्याखाली शेकोटी करू नका आणि कुणी करत असेल तर तिथून निघा. बूट चांगल्या पकडीचे हवेत. आमच्याकडे बहुतेक जण अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज वापरतात, महाग नसतात आणि ओल्या कातळावर टिकतात. नवे घेतलेत तर महिनाभर आधी घालून चाला.

सांधण मला इतकी का आवडते सांगतो. सकाळी साम्रदला चहा घेताना तोंडातून वाफ निघते. दिवसभर तुम्ही त्या अंधाऱ्या फटीतून खाली खाली उतरता, समोर आजोबाचा डोंगर मोठा मोठा होत जातो, आणि डेहण्याला पोचता तेव्हा हवा दमट, अंगाला घाम. तुम्ही पायांनी घाटमाथ्यावरून कोकणात उतरलेले असता. म्हणून समुद्राकडे जायला याहून चांगली वाट नाही. डेहण्यात रात्र काढा, दुसऱ्या दिवशी जीपनं आसनगाव, लोकलनं ठाणे, अंघोळ-जेवण करून रात्रीची कोकणकन्या. सकाळी कुडाळ. तिथून मालवण तीसेक किलोमीटर.

मालवणला पहिला दिवस पुन्हा मोकळा. सिंधुदुर्ग किल्ला बघा. 1664 मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. खरं म्हणजे तुम्ही ज्या पाण्यात उतरणार आहात ते याच किल्ल्याभोवतीचं. डाइव्ह सातव्या आणि आठव्या दिवशी, सकाळच्या पहिल्या होडीनं. दुपारी वारा उठतो आणि पाणी ढवळतं. तारखा धरताना कालनिर्णय समोर ठेवा: अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याची ये-जा मोठी आणि वाळू उठलेली. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान, भरती, तेव्हा पाणी त्यामानानं निवळ मिळतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही ऐन पौर्णिमेला गेलो होतो. होडीवाल्यानं किनाऱ्यावरून पाण्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाला, "आज पाणी ढवळलला आसा, तुमका काय दिसाचा नाय. उद्या सकाळी येवा." त्यानं आमचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्याचबरोबर गेलो. तुम्हालाही असा माणूस मिळाला तर त्याचं ऐका. नववा दिवस मी त्यासाठीच मोकळा ठेवलाय.

सर्दी असेल तर उतरू नका, कान फुटेल. कानावर दाब वाटला की नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, दुखायची वाट बघायची नाही. आणि पाण्याखाली अंगठा वर करण्याचा अर्थ "मस्त" असा नाही, "मला वर न्या" असा आहे. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल दाखवायचा. काही होड्यांवरून फोटोसाठी मासे जमावेत म्हणून पाव टाकतात. निघतानाच सांगा, आमच्यासाठी टाकू नका. पोवळ्यांना हात लावू नका. तो दगड नाही, जिवंत आहे.

परतीला गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमान नको. कोकण रेल्वेनं वर या. ती किनाऱ्यालगत खालूनच जाते आणि कसारा घाट चढेपर्यंत शेवटच्या डाइव्हला 24 तास होऊन गेलेले असतात.

राहिला तुमचा न पोहणारा मित्र. पर्यटकांच्या स्कूबात प्रशिक्षक हात सोडत नाही, त्यामुळे पोहता येत नसलं तरी चालतं. पण घाबरलेला माणूस पाण्याखाली सगळ्यात आधी मास्क ओढून काढतो, हे मी दोनदा पाहिलंय. आत्तापासून निघेपर्यंत त्याला नागपुरात तरणतलावावर पाठवा. पोहणं पूर्ण शिकला नाही तरी हरकत नाही. छातीभर पाण्यात उभं राहून, तोंड बुडवून, फक्त तोंडानं श्वास सोडायची सवय होऊ दे. सांधणच्या डोहातही त्याला याचा उपयोग होईल. तिथं मात्र त्याला मध्ये ठेवा, पुढे एक आणि मागे एक. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्कूबाचं नाव काढू नका.

तारखा ठरल्या की खाली लिहा, अष्टमी कधी येते ते बघून सांगतो.